माझं सोवळं

माझ्या पोटात शेंगदाण्याचा कण गेला तरी घसा सुजायचा आणि श्वास अडकायचा. अशा पोरीला आईने नारायण पेठेतल्या पाळणाघरात ठेवलं, कारण तिची शिक्षिकेची नोकरी होती आणि वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. पाळणाघर म्हणजे ते चालवणाऱ्या काकूंच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. आम्ही मुसलमान, काकू ब्राह्मण, आणि ब्राह्मणी स्वयंपाकात दाण्याचं कूट कशात नसतं हे विचारायची सोय नाही. आईने भीतभीत सगळं सांगितलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "मीठ चालतं ना? मग भागवू."

बोलायला तिरकस, पण कामाला चोख. श्वास अडकला तर मांडीत टोचायची, दुबईच्या चाचांनी पाठवलेली इंजेक्शनची पेनं त्यांनी हाताशी येतील अशी खुंटीवरच्या पिशवीत ठेवली. त्यातलं एक मुदत संपलेलं पेन मोसंब्यात टोचून सराव केला. मग ते मोसंबं सगळ्या पोरांना दाखवलं. "ही हिची मांडी. कुणी खायची नाही."

माझं ताट, वाटी आणि भांडं त्यांनी वेगळं काढलं. ते वरच्या फळीवर पालथं असायचं आणि मी भिंतीकडे एकटी जेवायची. कुणी पोर खरकट्या हाताने माझ्याकडे आलं की काकू ओरडायच्या, "अरे, तिचं सोवळं आहे! आधी हात धू."

सोवळं म्हणजे काकू पूजेला बसताना नेसतात ते, एवढंच मला माहीत होतं. म्हणजे काहीतरी मानाचंच असणार. मी घरी जाऊन दादीला ऐटीत सांगितलं, "काकूंकडे माझं सोवळं असतं. माझ्या भांड्यांना कुणीच शिवायचं नाही."

दादी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

तरुणपणी ती पेठेतल्या घरांमध्ये बांगड्या भरायला जायची. बायकांचे हात हातात घेऊन, दाबून, एकेक बांगडी चढवायची. चहा मात्र तिला कोनाड्यातल्या कान तुटलेल्या कपात, वरून ओतून मिळायचा. पिऊन झाल्यावर कप तिनेच विसळून परत कोनाड्यात ठेवायचा. हे मला पुष्कळ पुढे कळलं. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "उद्या मी येते."

ती नेमकी जेवणाच्या वेळी आली. मी भिंतीकडे, बाकी पोरं पंगतीत. तिने मला दंडाला धरून उठवलं आणि पोरांच्या मध्ये बसवलं.

"माझ्या नातीला पंगतीत वाढा, बाई. तो जमाना गेला आता."

"अहो आजी, तसं नाही. तिला दाणे चालत नाहीत, म्हणून—"

"दाणे चालत नाहीत ते मला माहीत आहे. इथे कुठे आहेत दाणे?"

सगळी पोरं घास तोंडात धरून बघत होती. मला दादीची लाज वाटली. तिच्या चढलेल्या आवाजाची, बुरख्याची, मेंदीने लाल झालेल्या नखांची. त्या लाजेची मला आज लाज वाटते, पण तेव्हा वाटली ती वाटलीच. दादीने शेजारच्या ताटातली काकडीची कोशिंबीर चमच्यावर घेतली. आमच्याकडे काकडीला कांदा आणि लिंबू. कोशिंबिरीत कूट घालतात हे दादीच्या स्वप्नातही नव्हतं. हा तमाशा एकदाचा संपावा म्हणून मी तोंड उघडलं. काकू ताटं ओलांडून धावल्या, पण मी गिळलं होतं.

आधी ओठांना खाज सुटली, मग घशात कुणी बोळा कोंबल्यासारखं झालं. काकूंनी मला आडवं केलं आणि फ्रॉकवरूनच पेन मांडीत रोवलं. त्या मोठ्याने आकडे मोजत होत्या आणि त्यांचा आवाज मुळीच थरथरत नव्हता. मी चड्डी ओली केली. पोरांसमोर. जीव जाता जाता वाचला, पण आठवते ती ओली चड्डी.

रिक्षात मी काकूंच्या मांडीवर होते. दादी शेजारी बसून स्वतःच्या उजव्या हातावर चापट्या मारत होती. "या हाताने भरवलं मी." काकूंनी तो हात धरला आणि दवाखाना येईपर्यंत सोडला नाही. दवाखान्याच्या बाकावर दादीने त्यांना कपाची गोष्ट सांगितली.

बरी झाल्यावर मला सोडायला दादीच आली, मान खाली घालून. वरची फळी रिकामी होती. माझं ताट पंगतीत मांडलेलं होतं. शेजारी काकूंनी दादीसाठी आणि स्वतःसाठीही ताट घेतलं.

"बसा आजी. घरातून कूट हद्दपार केलंय. कोशिंबीर बेचव झालीय, सांगून ठेवते."

दादी बसली, पण जेवेना. "चूक माझी होती, बाई. तुम्ही पोरीच्या जिवासाठी केलंत."

"जिवासाठीच केलं," काकू म्हणाल्या. त्या वाढता वाढता थांबल्या होत्या आणि आमच्याकडे बघत नव्हत्या. "पण कूट बंद करायचं सुचायला पोरगी दवाखान्यात जावी लागली. ताट वेगळं मांडायचं मात्र पहिल्याच दिवशी सुचलं. कुणी शिकवावंही लागलं नाही."

दादीने कोशिंबिरीचं पातेलं पुढे ओढलं आणि आधी काकूंच्या ताटात वाढलं.