कपाटातली मटकी

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही — आणि तिच्यापासून मी सहसा काही लपवत नाही, लपवण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नसतंच. मग आता कशाला, असं विचाराल. त्याचं उत्तर मला देता येणार नाही. गोष्ट दोन करवंट्यांची आहे. हसू आलं तर हसा. दुसऱ्या कुणाची असती तर मीही हसलो असतो.

मी सोलापुरात चादरीच्या एका कारखान्यात माप तपासतो. मागावरून उतरलेली चादर टेबलावर पसरायची, लांबी-रुंदी घ्यायची, वजन करायचं, आणि मापात बसत नसेल तर बाजूला टाकायची. अर्धा इंच कमी भरली तरी टाकतो. मागवाले मला टेपमास्तर म्हणतात. "टेपमास्तर आला की चादरसुद्धा अंग चोरती," असं एकजण माझ्या तोंडावर म्हणाला होता. मी रागावल्यासारखं केलं, आतून सुखावलो. आकड्यात लबाडी करणारा माणूस माणसात जमा नाही — हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल! नीट लक्षात ठेवा ते. मीच विसरलो होतो.

मुलगी ईश्वरी तेव्हा चौथीत होती. शाळेनं सांगितलं, प्रत्येकानं घरच्या वस्तूंतून एक सोपा प्रयोग करायचा आणि प्रदर्शनात मांडायचा. या प्रदर्शनांत काय चालतं ते मी आदल्या वर्षी पाहिलं होतं. थर्माकोलचे ज्वालामुखी. एका रांगेत सगळे ज्वालामुखीच, खाण्याचा सोडा आणि लिंबूरस ओतून लाल फेस काढणारे. पोरं बाजूला उभी आणि बाप वाकून फेस काढतायत. एका बापाचा फेस आला नाही तर तो पोरावरच खेकसला. बाटलीवर फुगा बसवणाऱ्या एका बाईंना मी विचारलं, फुगा का फुगतो हो? त्या म्हणाल्या, "व्हिडिओत फुगला होता." काय माणसं ही! पोरांच्या नावावर स्वतःच मिरवणारी. घरी येऊन मी जेवताना या सगळ्यांची यथेच्छ टिंगल केली. ईश्वरी पोट धरून हसली. आपल्या घरात असलं काही होणार नाही, हे तिला तेव्हाच ठाऊक झालं असणार.

आणि खरंच, तिचा प्रयोग तिचाच होता. कपाटात झाड वाढतं का, हा प्रश्नही तिचाच. दोन करवंट्यांत अंगणातली माती, दोन्हींत मटकीचे सारखेच दाणे, पाणी औषधाच्या टोपणानं मोजून. एक करवंटी स्वयंपाकघराच्या खिडकीत, दुसरी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, चादरींच्या शेजारी. मी फक्त एक गोष्ट शिकवली. प्लास्टिकच्या पट्टीला कडेपासून शून्यापर्यंत थोडी कोरी जागा असते. कडेपासून मोजलं तर तेवढी चूक होते, म्हणून शून्याची रेघ मातीला टेकवायची. ती मान वाकडी करून, एक डोळा मिटून टेकवायची. मी पाहिलंय ते. अगदी बरोबर टेकवायची.

एका संध्याकाळी ती धावत आली. "पप्पा, कपाटातली मोठी झाली! नऊ सेंटिमीटर. खिडकीतली पाचच."

मी उठून पाहिलं. खरंच नऊ. पांढुरकी, बारीक, मान टाकलेली — पण नऊ.

आता माझं मन कसं चाललं ते ऐका. झाडाला उजेड लागतो. हे पुस्तकात आहे, चौथीच्याच पुस्तकात. मग अंधारातलं मोठं कसं? कुठेतरी चुकलं असणार. हे प्रदर्शनात टेबलावर मांडायचं? त्या ज्वालामुखीवाल्यांच्या मधोमध? ज्यांना मी हसलो ते मला हसणार — टेपमास्तरच्या पोरीचं झाड अंधारात वाढलं म्हणून! एवढंच होतं माझ्या मनात. पोरीची काळजी वगैरे काही नव्हतं. असती तर निदान तिला विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत, बायको बाजारात. उसळीसाठी फडक्यात बांधलेल्या मटकीला मोड आले होते. कपाटातली लांब रोपं मी उपटली, कचऱ्यात खाली दाबली, आणि त्या जागी मोड आलेले दाणे खोचले. माती बोटानं सारखी केली. हात धुतले. किती सफाईनं केलं सगळं! सफाईची सवय आहे मला.

संध्याकाळी ती कपाटासमोर बसून राहिली. मग पट्टी घेऊन आली.

"पप्पा, ही लहान कशी झाली?"

"काल तुझंच मोजायचं चुकलं असेल. पट्टी कडेपासून धरली असशील."

चूक किती मोठी असायला हवी होती त्यासाठी? पट्टीवरची ती कोरी जागा अर्ध्या सेंटिमीटरचीही नव्हती. हा हिशेब तिला जमत नव्हता असं नाही. पण सांगणारा बाप होता, आणि बाप मापातला होता. तिनं पट्टीकडे पाहिलं, करवंटीकडे पाहिलं, प्रयोगाची वही उघडली आणि खोडरबर आणलं.

इथेच थांबलो असतो तरी पुरेसा नीच ठरलो असतो. पण प्रदर्शन व्हायचं होतं.

ईश्वरीच्या शेजारच्या टेबलावर भार्गवी होती. तिच्या वर्गातली, आमच्याच गल्लीतली, घरात तेलुगू बोलणारी, मागवाल्याची पोर. घरचं कुणी सोबत आलेलं नव्हतं. ईश्वरीचं ऐकून तिनंही तोच प्रयोग केला होता, श्रीखंडाच्या दोन डब्यांत. आणि तिच्या अंधारातल्या डब्यातली रोपं काठावरून खाली लोंबत होती. पांढुरकी, बारीक, मान टाकलेली.

कारखान्यात शेंबडं पोरही सांगेल: एका चादरीत दोष आला तर ती चादर वाईट. तोच दोष दुसऱ्या चादरीत आला तर चादरीला बोलायचं नाही, मागाकडे जायचं. दोन घरं, दोन पोरी, एकच निकाल. म्हणजे चूक पोरींची नव्हतीच. रोप अंधारात उजेड शोधत असंच लांबत जातं, हे मी नंतर वाचलं; पण ते वाचायची गरज नव्हती. मला तिथेच, त्या टेबलासमोर कळलं होतं. हे नीट ऐका — कळलं होतं.

वर्गाच्या बाई आल्या. दोन्ही प्रयोग पाहून म्हणाल्या, "दोघींपैकी एकीचं काहीतरी चुकलंय."

"माझं नाही, बाई. मी रोज मोजलंय की," भार्गवी म्हणाली. मग ईश्वरीकडे वळली. "तुझी पण मोठीच होती की गं! तूच सांगितलीस ना मला?"

ईश्वरीनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"माझं मोजायचं चुकलं होतं," ती म्हणाली.

बाई हसून मला म्हणाल्या, "तुम्ही तर मापातले. तुम्हीच सांगा बरं."

काय अडचण होती? एक वाक्य होतं. 'हिचं बरोबर आहे.' तेवढ्यानं भागलं असतं. मी भार्गवीचा डबा उचलला, इकडून तिकडून पाहिला — चादर पाहतो तसा — आणि म्हणालो, "उजेडाशिवाय एवढं वाढत नाही. आधी उन्हात वाढवून मग आत ठेवली असतील."

म्हणजे काय म्हणालो? नऊ वर्षांच्या पोरीला लबाड म्हणालो. तेही मी.

बाईंनी तो डबा मागच्या बाकावर ठेवला. भार्गवी रडली नाही. तिनं रुमाल काढला, रोपांवर पांघरला आणि डबा उचलून घरी निघून गेली. नंतर ती आमच्या दारात कधी खेळायला आली नाही. ईश्वरीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, आणि ज्वालामुखीवाल्या एका बापानं माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. तो निदान आपला फेस स्वतःच काढत होता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मी त्याला हसलो होतो.

ईश्वरी आता कॉलेजात आहे. हुशार आहे, मार्क चांगले पडतात. परवा त्याच स्वयंपाकघराच्या खिडकीला डासांची जाळी बसवायची होती. टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं तिनं. आकडा तिच्या अंगठ्यापाशीच होता. तिनं तिकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"किती यायला पाहिजे, पप्पा?"

मी अंदाजानं म्हणालो, "चाळीस इंच असेल."

"हां, चाळीस," ती म्हणाली, आणि टेप सोडली.

जाळी दोन इंच आखूड आली. तशीच बसवली आहे.