पुरानंतरचा सत्कार

सांगलीत कृष्णेचं पाणी वाचनालयाच्या पायऱ्या चढू लागलं, तेव्हा ग्रंथपाल बाईंनी आणि मी दिवसभर खालची पुस्तकं माडीवर नेली. पूर ओसरल्यावर सत्कार झाला तो वाचनालयाच्या अध्यक्षांचा. हे गृहस्थ पुराच्या वेळी पुण्यात मुलीकडे होते. एरवीही त्यांनी इथलं पुस्तक कधी उघडलेलं मी पाहिलं नाही. शाल पांघरून ते म्हणाले, "आता सगळं मोबाईलवर मिळतं. पुस्तकांसाठी एवढा जीव कशाला आटवायचा?"

खुर्च्या मांडून दमलेल्या ग्रंथपाल बाई मागून म्हणाल्या, "आवं, मग सत्कार बी मोबाईलवरच घ्यायचा हुता!"

सगळे हसले. टोमणा न कळल्यानं अध्यक्षही हसले. निमंत्रणपत्रिकेत 'पुस्तकं वाचवल्याबद्दल अध्यक्षांचा सत्कार' असं वाचूनही मी गप्प बसलो होतो, त्यामुळं माझी मान खाली गेली.