फुसावहिनींच्या माहेरचा घेवडा

उत्तरेकडच्या आमच्या थंड तोकाचीच्या पठारावर घेवड्याला साडेतीन महिने मिळतात. मेअखेरीस कक्कू पक्षी ओरडला की पेरायचं आणि सप्टेंबरच्या मध्यावर दंव गोठायच्या आत आवरायचं. आमचा बुटका घेवडा शहाणा आहे, तेवढ्यात उरकतो. फुसावहिनींच्या माहेरचा मात्र ऐसपैस, वेल वाढवत बसणारा, दाणा उशिरा धरणारा. त्या पार दक्षिणेकडच्या शिकोकू बेटावरून इथे सून म्हणून आल्या. नवरा तोकुजी माझा शेजारी आणि शाळेतला सोबती. आम्ही एकाच बाकावर बसून एकत्र छड्या खाल्ल्या.

एका हिवाळ्यात वहिनींच्या भावाने डब्यातून बेचाळीस दाणे पाठवले. तपकिरी, पांढऱ्या डोळ्याचे. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'शेत सोडलं. हे शेवटचे.'

पहिल्या वर्षी वहिनींनी निम्मे पेरले. वेल चढला, ऑगस्टअखेर फुलला, आणि दंवाने एका पहाटे काळा पडला. दाणा एकही नाही.

"आता उरलेले शिजव," तोकुजी म्हणाला. "निदान चव तरी कळेल."

"चव मला माहीत आहे," वहिनी म्हणाल्या.

पुढच्या वर्षी त्यांनी एप्रिलमध्येच स्वयंपाकघराच्या खिडकीत कागदी द्रोणांत रोपं केली. कक्कू ओरडल्यावर सात काठ्या रोवून प्रत्येकीला तीन रोपं लावली. वेल छातीइतका झाल्यावर शेंडे खुडले, म्हणजे वाढ थांबून शेंगा लवकर धराव्यात. चढणाऱ्या वेलाचे शेंडे खुडलेले बघून गाव हसलं.

"लग्न झाल्यापासून ही माझेही असेच खुडतेय," तोकुजी म्हणाला. "बघा, मी कुठे वाढलो?"

आता माझा पराक्रम. सप्टेंबरात एका दुपारी गावच्या कर्ण्यावर सूचना झाली, उद्या पहाटे दंव गोठणार. वहिनी दात दाखवायला शहरात गेलेल्या, तोकुजी बटाट्याच्या शेतात. आमच्याकडे रीत अशी, की घरी कोणी नसलं तर शेजाऱ्याने बाग आवरायची, विचारत बसायचं नाही. मी परडी घेतली. तीन काठ्या साफ केल्या, हिरव्यागार कोवळ्या शेंगा बघून स्वतःवर खूशही झालो. तेवढ्यात मागून आवाज आला.

"भाऊजी, परडी खाली ठेवा."

त्या ओरडल्या नाहीत, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"वहिनी, दंव पडणार आहे. वाया जाण्यापेक्षा खाल्ल्या तर..."

"खायला नव्हत्या लावल्या. आत दाणा भरत होता. वेलावर राहिल्या असत्या तर वेलातला उरलासुरला जीव दाण्यात उतरला असता. तोडली की संपलं." परडीकडे त्यांनी पाहिलंही नाही. विळा आणून उरलेल्या चार काठ्यांचे वेल त्यांनी मुळाशी कापले. "आता उचला. वेलासकट काठी. आडवी करायची नाही, शेंगा गळतील."

चारही काठ्या मी उभ्या धरून कोठारापर्यंत नेल्या. मिरवणूकच ती. आत ट्रॅक्टर उभा होता. तोकुजी आला, तेव्हा वहिनींनी त्याच्याकडे ट्रॅक्टरच्या चाव्या मागितल्या.

"ट्रॅक्टर बाहेर? दंवात?"

"तो गोठला तर दुरुस्त होतो."

ट्रॅक्टर बाहेर गेला. काठ्या आढ्याला उलट्या टांगल्या. महिनाभर तोकुजी रोज सकाळी बर्फासारखी थंड सीट पुसायचा आणि माझ्या नावाने बोटं मोडायचा. एरवी या वयात माझी एवढी आठवण कोण काढतं?

ऑक्टोबरात शेंगा वाळून खडखडू लागल्या. वहिनींनी सोलायला घेतल्या. बऱ्याच शेंगांत सुरकुतलेलं फोलपट निघालं. जे दाणे भरलेले वाटले, ते त्या एकेक करून दाताखाली धरायच्या. दात उमटला तर दाणा कच्चा, साराच्या भांड्यात. नाही उमटला तर बियाण्याच्या वाटीत. आम्ही दोघं म्हातारे शाळेतल्यासारखे शेजारी बसून वाटीतले दाणे मोजत होतो.

वाटीत एकोणतीस दाणे जमले.

वहिनींनी त्यातले नऊ वेगळे काढून माझ्या तळहातावर ठेवले. मी म्हटलं, "मला? मी तर तीन काठ्या..."

"एकाच बागेत ठेवून चालणार नाही, हे तुम्हीच शिकवलंत. तोडायला एवढे पळत येता भाऊजी, आता पेरायलाही पळा."

पेरले. पहिल्या वर्षी त्या रोज कुंपणाशी येऊन शेंगा मोजून जायच्या.