खाचांचे दगड

माणसाच्या उगमाचा अभ्यास करणाऱ्यांत हेमाली पागधरेच्या शब्दाला वजन होतं, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. उगाच विनय दाखवायची तिला सवयच नव्हती. डहाणूच्या किनाऱ्यावर बोंबील वाळवणाऱ्या घरातली ही मुलगी पुण्याला शिकली, वर्षानुवर्षं गंजाडजवळच्या नदीकाठी खणत राहिली आणि खालच्या थरातून तिने आदिमानवाच्या हातकुऱ्हाडी काढून दाखवल्या. तिचा एक नियम तर परदेशातले प्राध्यापकही वर्गात शिकवत. दगडावर आदिमानवाचा हात दिसला, की आधी आजच्या गावकऱ्याचा हात तपासा. तो नाही अशी खात्री पटली तरच पुढे बोला.

घरी मात्र कुऱ्हाडींचं कौतुक कोणाला? तिची आई मैना खूश होती ती खाचांच्या दगडांवर. मुठीत मावणारे, दोन्ही कडांना खाच पाडलेले हे दगड नदीच्या ढासळलेल्या काठाखाली सापडले होते. हेमालीने ते बघताक्षणी ओळखले. ही तर जाळ्याला बांधायची वजनं! तिच्या वडिलांच्या जुन्या जाळ्याला अस्सेच दगड असत. इथला आदिमानव जाळं टाकून मासे धरत होता, असा लेख तिने लिहिला आणि तो जगभर गाजला. मैनाने तो मासळी बाजारात गाजवला. “आपली जाली सगल्या जगाच्या आधीची,” असं ती प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवी. त्यानंतर घासाघीस करायची कोणाची बिशाद नसे.

यंदा नवीन खड्डा घ्यायचा म्हणून हेमाली आणि तिची विद्यार्थिनी सुनिता गंजाडला नदीकाठच्या भिकी नावाच्या शेतकरणीच्या वाडीत गेल्या. भिकीने अंगणात बसायला दिलं आणि चहा टाकला. डोक्यावरच्या मांडवातून पडवळं लोंबत होती. प्रत्येकाच्या टोकाला सुतळीने दगड बांधलेला, आणि त्याच्या दोन्ही कडांना खाच.

“हे कशाला गं?” हेमालीने विचारलं खरं, पण उत्तर तिला कळून चुकलं होतं.

“सरल वाढाया बांधतो, मॅडम. सुतली सटकते, म्हणून कडा फोडतो.”

“आणि काम झालं की?”

“कोण ठेवतो दगड? देतो नदीत टाकून.”

हेमालीने चहा घेतला, पण तो गोड होता की फिका हे तिला सांगता आलं नसतं. तिला लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. जगाला शिकवलेला नियम तिने स्वतः एकदाच मोडला होता. दुसऱ्या कोणी तो दगड उचलला असता, तर गावात चार घरी विचारून आला असता. तिला विचारायची गरजच वाटली नाही, कारण जाळं तिच्या घरचं होतं.

परतीच्या वाटेवर चारोटीला बस बदलताना सुनिता हळूच म्हणाली, “मॅडम, हे आपल्याशिवाय कोणाला कळणार आहे?”

“तो लेख वाचून उद्या कोणीतरी दुसऱ्या नदीकाठी जाळी शोधत बसेल. त्याची वर्षं कोण भरून देणार?” हेमाली म्हणाली. “कुऱ्हाडी खालच्या थरातल्या आहेत, त्यांना धक्का लागत नाही. जाळं मात्र मागे घ्यायचं.”

आणि तिने ते मागे घेतलं, स्वतःच्या नावाने छापून, आडपडदा न ठेवता. कोणी हसले, कोणी पाठ थोपटली. तिने दोन्ही झेललं. जगाला तोंड देणं सोपं होतं, पण आईला कसं सांगायचं? शेवटी एका संध्याकाळी घरी, बोंबलांच्या मांडवाखाली तिने सगळं सांगून टाकलं. मैना ऐकत राहिली. मग तिने सुकलेले बोंबील टोपलीत भरले आणि घरात निघून गेली.

सकाळी टोपली उचलून द्यायला म्हणून हेमाली आईबरोबर बाजारात गेली. नेहमीच्या गिऱ्हाइकाने छेडलंच, “काय मैनाबाई, जगातली पहिली जाळी काय म्हणतात?”

हेमालीने मान खाली घातली.

“जाली कसली? पडवलाचे दगड निघाले ते!” मैना अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “एवढे मोठमोठे साहेब वाचून गेले, कोणाला चूक दिसली नाय. माझ्या पोरीची चूक माझ्या पोरीनेच पकडली. आता बोल, बोंबील किती देऊ? भाव तोच हाय.”