बाह्या

नीटची परीक्षा मी दुसऱ्यांदा देत होते. या खेपेला जमलं नाही तर पुन्हा बसणार नाही, असं मीच घरात जाहीर केलं होतं. बोलायला मी शूर. मंगळवेढ्याहून सोलापूरला एसटीने येताना मात्र हॉल तिकीट सारखं चाचपत होते.

आमच्याकडे मोठ्या कामाला अंगावर नवं कापड लागतं. आईनं महिनाभर आधीच ड्रेस शिवून ठेवला होता, ऊन लागू नये म्हणून मनगटापर्यंत बाह्यांचा. परीक्षेला पूर्ण बाह्या चालत नाहीत, हे सूचनांच्या कागदावर मी दहादा वाचलं होतं. पण ड्रेस माझ्या अंगाला लावून बघताना तिचा चेहरा असा काही खुलला, की मला नको म्हणवेना. एवढ्यासाठी कोण अडवतंय, अशी मनाची समजूत घातली. शहाणीच मी.

गेटवरच्या बाईंनी अडवलंच. "बाह्या कापून या. दीडला गेट बंद होणार." हातात वीस मिनिटं होती. मी तिथंच रडायला लागले आणि सगळा राग बरोबर आलेल्या अण्णांवर, म्हणजे वडिलांवर, काढला. "नवा ड्रेस कशाला पायजे हुता? गेलं माझं वरीस."

अण्णांनी मला भिंतीच्या सावलीत नेलं आणि पिशवीतून मेंढ्यांची लोकर कातरायची कातर काढली. ती तिथं कशी, हे विचारायचं मला भान नव्हतं. माझा हात त्यांनी काखेत धरला, मेंढरू धरतात तसा, आणि मेंढरांशी बोलतात त्याच आवाजात म्हणाले, "हलू नगंस. झालंच बग."

मी हलले नाही. रडूही थांबलं. दोन्ही बाह्या कोपराच्या वर सरळ उतरल्या. शेजारी एक बाई आपल्या मुलीला तेलुगूत रागावत होत्या. त्या पुढं येऊन म्हणाल्या, "दादा, हिच्या पण कापून देता का?" अण्णांनी त्याही कापल्या. मी धावत आत गेले.

पेपर सुटल्यावर त्यांनी एका कापलेल्या बाहीनं माझा घाम पुसला. पेपर कसा गेला, ते विचारलं नाही.

निकाल लागला आणि माझं थोडक्यात हुकलं. फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. दोन दिवस मी घराबाहेर पडले नाही. तिसऱ्या दिवशी रानात मेंढ्यांकडे गेले आणि अण्णांना खरं सांगून टाकलं. "बाह्या चालत न्हाईत, हे मला म्हाईत हुतं. उगंच तुमच्यावर वरडले."

"मला बी म्हाईत हुतं," ते म्हणाले. "तू मोट्यानं वाचत हुतीस की. म्हणून तर कातर घेतली बरुबर."

"मग घरातच का न्हाई बोलला?"

"तुज्या आईचं तोंड बगितलं न्हवतंस व्हय?"

बघितलं होतं की.