बायकोचं एकुलतं एक गाणं

माझ्या बायकोचं आयुष्यात एकच गाणं लोकांपर्यंत पोहोचलं. अख्खा अल्बम वगैरे नव्हे, एकच गाणं. साडेचार मिनिटांचं, संथ, मागे एक गिटार, शेवटी थोडी व्हायोलिन्स आणि बाकी सगळा तिचा आवाज. पुण्यात खाजगी एफएमची नवलाई होती तेव्हाची गोष्ट. रविवारी सकाळी नव्या गायकांची गाणी लावणारा एक कार्यक्रम असायचा, त्यात ते लागलं. पुढच्या रविवारीही लागलं. मग दोनेक महिने रिक्षात, सलूनमध्ये, एकदा तर मंडईत लिंबं घेताना ते माझ्या कानावर पडलं आणि मी सुटे पैसे घ्यायचे विसरून तसाच निघालो.

आमची ओळख गाण्याच्या क्लासातली. मला सूर लागत नाहीत हे गुरुजींनी सहा महिन्यांत सांगून टाकलं. ती मात्र टिकली. ती हिंजवडीच्या शेतकऱ्याची मुलगी, मी पेठेतला बँकेतला कारकून. दोन्ही घरांनी थोडं तोंड वाकडं करून लग्न लावून दिलं. ती एका शाळेत गाणं शिकवायला लागली. आईसमोर मला ‘अहो’ म्हणायची आणि जिना उतरलो की ‘अरे’.

माझा एक मित्र जाहिरातींना चाली द्यायचा. साड्यांची दुकानं, मसाले, हेच त्याचं चालायचं. एकदा तो घरी आला आणि म्हणाला, “वहिनी, एक माझं स्वतःचं गाणं केलंय. तुम्हीच गायचं.” विरहाचं गाणं होतं. ‘तू नाहीस, मग परतून येऊ कुठे’ अशी पहिली ओळ.

रेकॉर्डिंगला मीही गेलो. काचेच्या पलीकडे ती हेडफोन लावून उभी, अलीकडे मित्र आणि मी. तिने तीनदा गायलं. मला तर तिन्ही वेळा छान वाटलं. मित्र मान हलवत होता.

“वहिनी, सूर जागच्या जागी आहेत,” तो म्हणाला. “पण तुम्ही शाळेत शिकवताय असं वाटतंय.”

तिने हेडफोन काढले, दहा मिनिटं मागितली आणि बाहेर जिन्यावर जाऊन बसली. मी पाणी घेऊन गेलो तर म्हणाली, “आत्ता नको, जा.” परत आली आणि चौथ्यांदा गायली. डोळे मिटलेले, एक हात पोटाशी. ‘कुठे’वर आवाज किंचित चिरकला आणि तिने तो तसाच पुढे नेला. गाणं संपलं तरी मित्राने बटण दाबलं नाही. मी मात्र वेगळ्याच विचारात पडलो होतो. ती कुणाशी तरी बोलत होती, आणि तो कुणी मी नव्हतो. हे मला इतकं स्वच्छ कळलं की घरी जाताना मी स्कूटर आमच्या गल्लीच्या पुढे नेली.

गाणं रेडिओवर लागलं तेव्हा आई कणीक मळत होती. संपेपर्यंत थांबली आणि सुनेला म्हणाली, “गायलीस चांगलं. पण आम्ही तुला एवढं काय दुःख दिलंय, ते एकदा सांग बाई.” ती खळखळून हसली. बँकेत साहेबांनी विचारलं, “काय हो, वहिनी कुणाच्या आठवणीत एवढ्या रडल्या?” सगळे हसले, मीही हसलो. पण जेवणाचा डबा उघडायची इच्छा राहिली नाही. क्लासातली जुनी मुलं मी मनातल्या मनात आठवून पाहू लागलो. एक तबला वाजवणारा होता, त्याच्यापाशी बराच थांबलो. विचारायचं धाडस मात्र झालं नाही. तीन महिने मी तिच्याशी तिऱ्हाइतासारखा वागलो.

दिवाळीनंतर आम्ही तिच्या माहेरी गेलो. तोवर त्यांची बरीचशी जमीन कंपन्यांसाठी गेली होती आणि घरामागे काचेची एक इमारत उभी राहत होती. सासऱ्यांनी कुणाकडून तरी ते गाणं कॅसेटवर भरून घेतलं होतं. चहा झाल्यावर त्यांनी टेप लावला. ‘कुठे’ आलं, आवाज चिरकला, तसा त्यांनी टेप बंद केला.

“पोरी,” ते म्हणाले, “इहीर बुजवली त्या दिवशीचं हाय ह्ये.”

तिने नुसती मान हलवली. मी विचारलं, “कुठली विहीर?”

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्हांला ठाव न्हाई? त्या मागल्या बिल्डिंगीच्या जागंला आमची इहीर व्हती. पाठीला भोपळा बांधून ही तिच्यात पवायला शिकली. मुरमाचे डंपर आले तवा ही काठावरच बसून ऱ्हायली. उठंचना. म्या हाताला धरून उठवली.”

मला तो दिवस आठवला. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माहेरी जाऊन येते म्हणाली होती, संध्याकाळी परत आली, भाकरी केली, आईचे पाय चेपले. मी विचारलं होतं, सगळे बरे आहेत ना? ती म्हणाली होती, हो. तेवढ्यावर मी पेपर उघडला होता.

परत निघालो तेव्हा कंपन्यांच्या बसगाड्यांनी रस्ता अडला होता. स्कूटर बंद करून उभे होतो. मी मागे न बघताच सगळं सांगून टाकलं, तबलेवाल्यासकट.

ती आधी हसली. इतकी हसली की शेजारचा रिक्षावाला बघायला लागला. मग तिने डोळे पुसले.

“तीन महिने हे मनात ठेवलंस?” ती म्हणाली. “विचारायचं ना रे.”

“तूही सांगितलं नाहीस.”

“काय सांगणार? विहिरीसाठी रडले म्हणून? तुमच्याकडे नळाला पाणी येतं.”

मी हात मागे नेला आणि तिने तो धरला. गर्दी हलेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो.

दुसरं गाणं काही झालं नाही. मित्र मुंबईला गेला आणि तिकडचाच झाला. नव्या गाण्यांच्या गर्दीत तिचं गाणं रेडिओवरून गेलं, त्याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही. तिने शाळेतली नोकरी सोडली, आवाज दोन सूर खाली आला. तरी अधूनमधून दुपारची ती ते गुणगुणते. परवा दुसऱ्या कडव्यावर अडली, शब्दच आठवेनात. मला ते पाठ होते. मी एकेक ओळ सांगत गेलो, नुसती बोलून, कारण सूर मला आजही लागत नाहीत, आणि ती माझ्या मागून गात गेली.