ऑक्टोपसची माय आणि माझी माय

कडुनिंबाचा ओला पाला हाताला लागला, की मला साठीच्या दशकातलं आमचं दारव्ह्याचं घर आठवतं. धाकट्या भावाला गोवर आला होता. रिवाजाप्रमाणे घरात फोडणी बंद होती आणि माय दिवसभर त्याच्या उशाशी बसून निंबाच्या डहाळीनं वारा घालत होती. त्याच आठवड्यात शाळेत गुरुजींनी फळ्यावर ऑक्टोपस काढला. समुद्र आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता, गुरुजींनीही नाही. ते म्हणाले, ऑक्टोपसची मादी अंड्यांवर पाण्याची फुंकर घालत बसते, काही खात नाही आणि पिल्लं बाहेर पडली की मरून जाते. मी वर्गातली सर्वांत हुशार मुलगी, निदान माझ्या मते तरी, त्यामुळे सगळा अर्थ लावूनच घरी पळाले. भावाचा ताप उतरला होता, तो हसत होता. मायची भाकर मात्र टोपल्यात तशीच होती. मी भोकाड पसरलं, "माय, त्याले बरं नको करू वो, तू मरशीन!" "काहून मरीन वो?" तिनं विचारलं. हुंदके देत मी ऑक्टोपसची सगळी हकीकत सांगितली. माय इतकी हसली, की डहाळी हातातून पडली. मग भाकर पुढे ओढून म्हणाली, "बस जवळ. तुह्या त्या ऑक्टोपसले कोणी जेव म्हणलंच नसन." आता माझी मुलं पुस्तकं दाखवून सांगतात, की तसं नसतं, त्या मादीची भूकच मरते. बरोबरच असणार. पण माय त्या दिवशी दोन भाकरी जेवली, आणि तिला मीच वाचवलं असं मला अजूनही वाटतं.